पगार लपवून अनुदान मागायचं का?

बीड जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या विनंतीवरून गावाचं आणि संस्थेचं नाव देत नाही. आई-वडील ऊसतोडीला गेले की मागे आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या साठ मुलांना ही संस्था दसऱ्यापासून होळीपर्यंत सांभाळते. सकाळचा नाश्ता, संध्याकाळचा अभ्यास, रात्रीचं जेवण, दुखलं-खुपलं तर दवाखाना, असं काम. तीन ताया हे सगळं बघतात. मराठवाड्यातले उद्योजक, डॉक्टर आणि पुण्या-मुंबईत स्थायिक झालेली मंडळी मिळून चालवत असलेलं एक फाउंडेशन छोट्या संस्थांना वर्षाला तीन लाखांपर्यंत अनुदान देतं. तिथं अर्ज करायचं ठरलं आणि कार्यकारिणीत वाद सुरू झाला. खजिनदारांचं म्हणणं, 'पगार दाखवले की अर्ज बाजूला पडतो. पगाराच्या जागी शून्य लिहा आणि जेवणाचा दर वाढवून तो खर्च त्यात बसवा.' फाउंडेशननं यंदा डिजिटल शिक्षणाला प्राधान्य जाहीर केलंय, म्हणून संगणक केंद्राचाच प्रस्ताव द्या, असं आणखी एक सदस्य म्हणतात. संस्थापक बापूंना पैसे मागायलाच संकोच वाटतो. ते म्हणतात, 'एका विश्वस्तांशी माझी जुनी ओळख आहे, एक फोन करतो, अर्जाबिर्जाची भानगड नको.' अर्ज लिहिण्याचं काम ताईंकडे आहे. त्या विचारतात : 'खोटं लिहायला हात धजत नाही. पण खरं लिहिलं तर अनुदान मिळणार नाही असं सगळेच म्हणतात. मी काय करू?'

ताई, नमस्कार.

खरं लिहा. आता 'खरं लिहिलं तर मिळणार नाही' या वाक्याकडे जरा बघू या. हे तुम्हाला कोण म्हणालं? खजिनदार म्हणाले, सदस्य म्हणाले, शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेनं सांगितलं. फाउंडेशनमधलं कुणी असं म्हणाल्याचं तुमच्या पत्रात कुठंच नाही. तुम्ही अजून त्यांना फोनही केलेला नाही. त्यामुळे सगळा वाद एका ऐकीव गोष्टीवर चाललाय.

ही ऐकीव गोष्ट येते कुठून, तेही सांगते. कंपन्यांनी समाजकार्यासाठी करायच्या खर्चाच्या, म्हणजे सीएसआरच्या, नियमांत प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीनं स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्यासाठी केलेल्या खर्चाला लागू आहे, गावात काम करणाऱ्या ताईच्या मानधनाला नाही. पण ती पाच टक्क्यांची गोष्ट फिरत फिरत संस्थांपर्यंत आली आणि तिचा अर्थ 'पगार दाखवायचा नाही' असा झाला. दुसरी मर्यादा परदेशी निधीच्या कायद्यातली, म्हणजे एफसीआरएतली. २०२० च्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली. पण त्या कडक कायद्याच्या नियमांतही शाळेतल्या शिक्षकाचा आणि रुग्णालयातल्या डॉक्टरचा पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत. संस्थेचं जे मुख्य काम, तेच करणाऱ्या माणसाचा पगार हा कामाचाच खर्च. तुमच्या तीन ताया मुलांना जेवू घालतात, अभ्यासाला बसवतात, तापलेल्या पोराला आरोग्य केंद्रात नेतात. त्या गेल्या तर तुमच्याकडे उरतं काय? एक खोली आणि धान्याची पोती. म्हणून त्यांच्या मानधनाला 'कार्यक्रम खर्च' म्हणायचं आणि तिथंच दाखवायचं. हिशेब लिहिणाऱ्या माणसाचं मानधन मात्र प्रशासकीय खर्चात जाईल, तेही उघडपणे.

तुमच्या पत्रातले आकडे मी मांडून बघितले. साठ मुलं, दिवसाला मुलामागे ३५ रुपये, दीडशे दिवस : ३ लाख १५ हजार. तीन ताया, प्रत्येकी महिना ८ हजार, तयारीसह सहा महिने : १ लाख ४४ हजार. हिशेबनीस वर्षभर महिना ३ हजारांनी : ३६ हजार. खोलीचं भाडं सहा महिने, महिना ४ हजार : २४ हजार. औषधं आणि येणं-जाणं : २१ हजार. एकूण ५ लाख ४० हजार. म्हणजे एका मुलाचा पूर्ण हंगाम नऊ हजार रुपयांत निभतो.

ताई, हा आकडा तुम्ही पत्रात लिहिलेला नाही. तो कुणी काढलेलाच नसावा. पण तुमच्या अर्जात सगळ्यांत जोरदार काही असेल तर तो हाच. नऊ हजारांत एक मूल पाच महिने शाळेत टिकतं, दोन वेळा खातं आणि फडावर जात नाही. आपल्या कारखान्यात माणसाला महिन्याला काय द्यावं लागतं हे ज्या उद्योजकाला रोज दिसतं, त्याला या आकड्याचं मोल समजावून सांगावं लागणार नाही.

आता खजिनदारांच्या सुचवणीनं काय होतं ते बघा. पगार शून्य आणि जेवणाचा दर ३५ ऐवजी ५० केला, तर जेवणाचा खर्च साडेचार लाख होतो. वाढलेले १ लाख ३५ हजार जवळपास तायांच्या मानधनाइतकेच आहेत, म्हणून ती युक्ती सोपी वाटते. पण अनुदान आलं की पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यावर सीएची सही लागते आणि सीए बिलं मागतो. न आणलेल्या १ लाख ३५ हजारांच्या किराण्याची बिलं कुठून आणणार? कुठल्या तरी दुकानदाराकडून कोरी बिलं आणणार आणि ती भरायला कुणी बसायचं, तर तुम्हीच. अर्जात एक आकडा बदलण्यापुरतं हे थांबत नाही. वर्षभर खोटा कागद तयार करत राहावा लागतो. पुढच्या वर्षी फाउंडेशन विचारेल, 'गेल्या वर्षी ५० रुपयांत जेवण होतं, यंदा महागाईचं किती धरता?' दुसऱ्या देणगीदाराला तुम्ही ३५ रुपये सांगितलेले असतील आणि ही मंडळी एकमेकांना ओळखत असतील. आणि ज्या तीन बायांच्या जिवावर काम उभं आहे, त्या कागदावर कुठंच नसतील. त्यांचं मानधन वाढवायची वेळ आली तर कुणाकडे मागाल? कागदावर तर त्या फुकट काम करतायत.

बापूंबद्दल मला मनापासून आदर वाटला. ज्यांनी स्वतः आयुष्यभर संस्थेकडून एक रुपया घेतला नाही, त्यांना पगाराचा आकडा अर्जात लिहिताना सेवेला किंमत लावल्यासारखं वाटत असणार. त्या पिढीतल्या अनेक चांगल्या माणसांना तसंच वाटतं. पण बापूंना घर होतं, शेती होती, किंवा घर चालवणारं दुसरं कुणी होतं. तुमच्या तायांपैकी एक एकटी आहे आणि तिची दोन मुलं शाळेत आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. तिच्याकडून बापूंसारख्या त्यागाची अपेक्षा करणं न्याय्य नाही. बापूंशी हे बोला, त्यांचा मान ठेवून पण स्पष्ट बोला. 'बापू, तुम्ही घेतलं नाही म्हणून तिनंही घेऊ नये का?' हा प्रश्न ते टाळणार नाहीत.

आता संगणकाचं. फाउंडेशननं डिजिटल शिक्षणाला प्राधान्य दिलंय म्हणून तुम्ही संगणक केंद्र काढायचं, याला माझा विरोध आहे. समजा अनुदान मिळालं. दहा संगणक आले. ते ठेवायला खोली, इन्व्हर्टर, शिकवणारा माणूस, दुरुस्ती, हे सगळं तुमच्या गळ्यात पडेल आणि संध्याकाळच्या जेवणासाठी पुन्हा वेगळे पैसे शोधायचे. एका वर्षानं अनुदान थांबलं की संगणकांवर धूळ. मराठवाड्यात अशा खोल्या मी पाहिल्या आहेत. संस्थेनं आपल्याला ठाऊक असलेलं काम सोडून देणगीदाराच्या यादीतलं काम हाती घेतलं, की दोन-तीन वर्षांत तिला स्वतःचं काम कोणतं हेही धड सांगता येत नाही.

मात्र 'प्राधान्य' म्हणजे 'बाकी सगळं बंद' असंही समजू नका. अशा फाउंडेशनचं काम कसं चालतं हे कळलं तर तुम्हाला नेमकं काय विचारायचं ते सुचेल. प्रादेशिक किंवा सामुदायिक फाउंडेशनची कल्पना अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात १९१४ मध्ये उभी राहिली. फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरच्या लक्षात आलं की श्रीमंत लोक मृत्युपत्रात अमुकच कामासाठी म्हणून पैसे ठेवून जातात, पुढं ते काम संपतं, गरज बदलते आणि पैसा तसाच अडकून पडतो. त्यानं मार्ग काढला तो असा, की अनेकांच्या देणग्या एका निधीत एकत्र याव्यात आणि त्या त्या काळची गरज बघून त्याच शहरातल्या जाणत्या माणसांनी त्या वाटाव्यात. आपल्याकडे मुंबईत १९९१ साली बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच विचारानं सुरू झाला. एका घराण्याच्या ट्रस्टपेक्षा किंवा एका कंपनीच्या सीएसआरपेक्षा हा प्रकार वेगळा. इथं पैसे पुष्कळ लोकांचे असतात, आणि ज्या भागातून येतात त्याच भागात खर्च व्हायचे असतात.

म्हणून या फाउंडेशनकडे साधारणपणे दोन तऱ्हेचा निधी असतो. काही देणगीदारांनी सांगितलेलं असतं, 'माझे पैसे मुलींच्या शिक्षणासाठी', 'माझे अमुक तालुक्यासाठी'. उरलेला निधी मोकळा असतो, तो विश्वस्तांनी ठरवून द्यायचा. जाहीर केलेलं प्राधान्य बहुधा या मोकळ्या निधीपुरतं असतं. तेव्हा त्यांच्या कार्यालयाला फोन करून विचारा : 'आमचं काम ऊसतोड कामगारांच्या मुलांचं आहे. डिजिटल शिक्षणात ते बसत नाही. तुमच्याकडे मुलांसाठी किंवा बीड जिल्ह्यासाठी राखून ठेवलेला निधी आहे का? नसेल तर यंदा अर्ज करावा की पुढच्या वर्षी?' दहा मिनिटांच्या या फोननं महिनाभराची मेहनत वाचेल. आणि तुमच्या तालुक्यातून पुण्याला जाऊन नाव काढलेला एखादा माणूस त्या देणगीदारांत निघाला, तर तुमचं काम काय आहे हे त्याला समजावून सांगावंच लागणार नाही. त्याच्या वर्गातली मुलं दिवाळीनंतर कमी होत होती, हे त्यानं पाहिलेलं असतं.

आणखी एक गोष्ट त्यांना विचारून घ्या : पैसा भारतातला आहे की परदेशातला. परदेशी योगदान मिळालेल्या संस्थेला २०२० पासून ते दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. तेव्हा अमेरिकेतून आलेला पैसा या फाउंडेशनमार्फत तुमच्यापर्यंत पोचणारच नाही, मग विश्वस्तांची कितीही इच्छा असो. तुमच्या एका सदस्यानं सुचवलेल्या, तिकडच्या मराठी माणसांनी १९७८ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्थेकडून थेट मदत घ्यायची तर तुमच्याकडे स्वतःची एफसीआरए नोंदणी लागेल. तिच्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेली असावी लागते. तुमच्या आकड्यांवरून तुम्ही त्या उंबरठ्याच्या आसपास आहात. पुढच्या वर्षी विचार करा. मात्र परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला तुमच्या गावचा मुलगा स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ते परदेशी योगदान ठरत नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत मात्र फाइलला लावून ठेवा. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो पैसा घेऊ नका, त्याच्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड, असलं तरीही.

बापूंच्या ओळखीकडे येते. ओळख असण्यात काही वाईट नाही. बापूंनी फोन करावा आणि म्हणावं, 'आमच्या केंद्रावर एकदा या, काम बघा.' एवढं रास्त आहे. 'आमचं तेवढं करून टाका' हे म्हणू नये. नीट चालणाऱ्या फाउंडेशनमध्ये ज्या विश्वस्ताचे संस्थेशी संबंध असतात, तो त्या अर्जाच्या चर्चेतून बाजूला होतो. म्हणजे ज्यांच्या भरवशावर राहायचं, तेच नेमके त्या वेळी बोलू शकणार नाहीत. शिवाय त्यांचा कार्यकाळ संपला की ओळखही संपते. तेव्हा फोन बापूंचा असला, तरी अर्ज तुमचाच हवा. आणि मंडळी केंद्रावर आली तर शाल, श्रीफळ, स्वागतगीत काही नको. संध्याकाळी पोरं अभ्यासाला बसतात तेव्हा बोलवा आणि त्यांच्या पंगतीत जेवू घाला. तायांना बोलू द्या, तुम्ही कमी बोला.

कागदपत्रांबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला सगळ्यांत जास्त काळजी तिथंच वाटते. गेल्या काही वर्षांत दोन विश्वस्त वारले आणि त्यांच्या जागी नवे घेतले, पण या बदलाची नोंद करणारा चेंज रिपोर्ट दिलेला नाही, असं तुम्ही म्हणता. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. म्हणजे आज धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीवर, परिशिष्टावर, वारलेल्या माणसांची नावं आहेत आणि अर्जावर सही करणाऱ्यांची नाहीत. फाउंडेशनचा माणूस पहिल्यांदा हेच तपासतो. या कारणानं चांगल्या संस्थांचे अर्ज मागं पडलेले मी पाहिलेत, आणि कामात काडीचीही खोट नसताना असं होतं तेव्हा फार वाईट वाटतं. या आठवड्यात वकिलांना किंवा सीएंना गाठा, विलंब माफीच्या अर्जासह रिपोर्ट दाखल करा आणि त्याची पोच अर्जाला जोडा. रिपोर्ट मंजूर व्हायला वेळ लागतो हे फाउंडेशनलाही माहीत असतं, दाखल केलेला दिसला तरी फरक पडतो. सोबत संस्थेच्या आणि देणगीदारांच्या आयकर सवलतीच्या, म्हणजे १२ए आणि ८०जी, प्रमाणपत्रांच्या मुदतीची तारीख बघा. २०२१ साली नव्या पद्धतीनं घेतलेली बरीचशी प्रमाणपत्रं पाच वर्षांची होती आणि त्यांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतचीच होती. फाउंडेशनमार्फत एखाद्या कंपनीचा सीएसआर निधी येणार असेल तर असा निधी घेण्यासाठी लागणारी सीएसआर-१ नोंदणी मागतील. तीन वर्षांची ऑडिट रिपोर्ट आणि स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या शासनाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक लागतोच.

किती मागायचं? मर्यादा तीन लाखांची आहे म्हणून तीन लाखच मागायला हवेत असं नाही. ५ लाख ४० हजारांचं पूर्ण अंदाजपत्रक दाखवा आणि त्यातलं कुठून काय येतं ते लिहा. गावातून येणारी ज्वारी, गहू, डाळ तुम्ही कुठं नोंदवतच नाही असं दिसतं. तिचं वजन करा, बाजारभावानं किंमत लावा आणि 'गावाचा सहभाग' म्हणून दाखवा. ज्या गावातली माणसं स्वतः उचल घेऊन फडावर जातात त्या गावानं पोतंभर ज्वारी दिली, याचं वजन निवड समितीत मोठं असतं. मग उरलेल्या तुटीपैकी अडीच लाख मागा आणि तायांचं पूर्ण मानधन त्यात धरा. जेवणासाठी देणगीदार मिळतात, लोक वाढदिवसाला पंगत देतात. मानधनासाठी फारसं कुणी देत नाही. म्हणून फाउंडेशनच्या पैशाचा खरा उपयोग तिथं आहे, आणि हे कारण अर्जात याच शब्दांत लिहा.

कायम निधी, म्हणजे मूळ रक्कम न मोडता राखून ठेवायचा निधी, किंवा इमारत निधी मात्र यांच्याकडे मागू नका. एका धर्मादाय संस्थेनं दुसरीच्या कायम निधीला दिलेली देणगी आयकराच्या हिशेबात देणाऱ्या संस्थेचा खर्च धरली जात नाही. साधं अनुदान दिलं तरी २०२३ च्या वित्त कायद्यापासून शंभरातले पंच्याऐंशीच रुपये खर्च धरतात. त्यांचे हात कुठं बांधलेले आहेत हे तुम्हाला माहीत असलं, की नकार आला तरी तो मनाला लावून घेणार नाही.

वेळेचं गणित तुमच्यासारख्या हंगामी कामाला जिकिरीचं असतं. अर्ज ऑगस्टमध्ये, निर्णय डिसेंबरमध्ये, पैसे जानेवारीत, आणि मुलं तर दसऱ्यालाच येतात. मंजुरीच्या तारखेआधी केलेला खर्च फाउंडेशन सहसा मान्य करत नाही, तो मागून दाखवायचा प्रयत्न करू नका. अर्जात सरळ लिहा, की टोळ्या दसऱ्यानंतर निघतात, आम्हाला पहिले तीन महिने हातातल्या पैशांवर काढावे लागतात, म्हणून हे अनुदान जानेवारी ते डिसेंबर असं धरावं. म्हणजे पुढच्या हंगामाची सुरुवातही त्यात येईल. ही मंडळी याच भागातली आहेत, गळीत हंगाम काय असतो हे त्यांना दिल्ली-मुंबईच्या अधिकाऱ्यासारखं समजावावं लागत नाही. दोन वर्षांचं अनुदान देता येईल का, हेही विचारा. वेळापत्रक बदलायला सांगण्यात उद्धटपणा नाही. ते तुमच्यामुळे बदललं तर जिल्ह्यातल्या बाकी संस्थांचंही भलं होईल.

लिहिताना एक करा. तुमच्या मसुद्याची पहिली ओळ आहे, 'समाजातील उपेक्षित व वंचित घटकांच्या सर्वांगीण विकासासाठी संस्था अहोरात्र झटत आहे.' ही ओळ काढून टाका, ती कुठल्याही संस्थेची असू शकते. त्याऐवजी असं लिहा : 'आमच्या चार गावांतली साठ मुलं दसरा ते होळी आजी-आजोबांजवळ राहतात, कारण त्यांचे आई-वडील ऊसतोडीला गेलेले असतात. त्यांना सकाळी नाश्ता, संध्याकाळी अभ्यास आणि रात्रीचं जेवण मिळावं यासाठी तीन ताया काम करतात. एका मुलाचा हंगामाचा खर्च नऊ हजार रुपये आहे.' मराठीतच लिहा. फाउंडेशन मराठी अर्ज घेतं का ते फोनवर विचारा. इंग्रजीच लागत असेल तर हाच मजकूर कुणाकडून तरी उतरवून घ्या, इंग्रजीसाठी नवा अर्ज रचू नका.

समितीत एक प्रश्न नक्की येईल : 'शासनाची हंगामी वसतिगृहं आहेत, मग तुम्ही कशाला?' याचं उत्तर आधीच अर्जात द्या. तुमच्या चार गावांपैकी कुठं ते वसतिगृह चालतं, कुठं नाही, गेल्या हंगामात कधी सुरू झालं, तिथं मिळत नाही असं तुम्ही काय देता, हे शाळेत जाऊन विचारून लिहा. शासनावर टीका करायची गरज नाही, फक्त वस्तुस्थिती. आणि मुलं रात्री आजी-आजोबांकडेच झोपायला जातात हे ठळक लिहा. मुक्कामी ठेवलं तर बालगृहाच्या परवानगीचा प्रश्न येतो, आणि वाचणाऱ्याच्या मनात ती शंका राहायला नको. किती मुलांनी मार्चपर्यंत शाळा सोडली नाही, हे हजेरीपटावरून काढा. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो आणि खरी नावं मात्र नकोत. हात पसरलेल्या पोराचा फोटो लावून मिळालेला पैसा त्या पोराला मोठेपणी कसा वाटेल, याचा विचार करा.

नकारही येऊ शकतो. आला तर आठ दिवसांनी फोन करून कारण विचारा, वाद घालू नका, आणि होळीनंतर दोन पानांचा अहवाल त्यांना न मागता पाठवा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी अनुदान मिळालेल्या संस्था बऱ्याच आहेत. दरम्यान सगळा भार एका फाउंडेशनवर टाकू नका. पुण्यात पितृपक्षात 'देणे समाजाचे' हे प्रदर्शन भरतं, तिथं छोट्या संस्था थेट देणगीदारांना भेटतात. 'लोकसत्ता' गणेशोत्सवात 'सर्वकार्येषु सर्वदा' या उपक्रमात राज्यभरातल्या संस्थांची ओळख करून देतं आणि वाचक धनादेश पाठवतात. २ ते ८ ऑक्टोबरच्या दान उत्सवात जवळच्या शहरातल्या एखाद्या महाविद्यालयाला तुमच्यासाठी धान्य गोळा करायला सांगता येईल, तुमचा हंगामही तेव्हाच सुरू होतो.

आता कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीचं. हे सगळं तोंडी बोलून सोडू नका. ५ लाख ४० हजारांचं अंदाजपत्रक छापून प्रत्येकाच्या हातात द्या आणि खजिनदारांना एवढंच विचारा, की ५० रुपये दराची बिलं ते स्वतः आणणार आहेत का. मग तीन ठराव घ्या : चेंज रिपोर्ट दाखल करण्याचा, तायांचं मानधन कार्यक्रम खर्चात दाखवण्याचा आणि फाउंडेशनकडे अडीच लाखांचा अर्ज करण्याचा. शेवटच्या ठरावाला सूचक म्हणून बापूंचं नाव घालता आलं तर फार बरं. ठराव इतिवृत्तात लिहून त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. त्याची प्रत अर्जाला जोडावी लागतेच.